सरहिंदचे शेख आणि त्यांचे वारस



आजचा विषय शेख अहमद सरहिंदी. जन्म १५६४, मृत्यू १६२४. म्हणजे अकबर आणि जहांगीर या दोघांच्या राजवटीत ज्यांचं आयुष्य गेलं, असे एक सूफी विद्वान. आपल्याकडच्या वैचारिक लेखनात हे नाव येतं, पण बहुतेक वेळा एका ओळीपुरतं येतं. ती ओळ साधारण अशी असते: अकबरानं जो समन्वय साधला होता तो या शेखांनी मोडला आणि औरंगजेबाची वाट तयार केली. सीमेपलीकडच्या पाठ्यपुस्तकी इतिहासात तीच ओळ जरा वेगळ्या सुरात येते: अकबरानं धर्म बुडवायला काढला होता, तो या शेखांनी एकहाती वाचवला.

नीट ऐकलं तर लक्षात येईल की ही दोन विधानं एकमेकांची विरोधी नाहीत. माणूस तोच, काम तेच, ताकद तेवढीच. एक जण त्याबद्दल हार घालतो, दुसरा आरोपपत्र ठेवतो. भांडणारे दोन्ही पक्ष एका मूळ गोष्टीवर सहमत असतात, तेव्हा ती गोष्ट आधी तपासून घ्यावी. आज आपण तेच करू. माझं म्हणणं थोडक्यात असं की हे जे सर्वशक्तिमान शेख आहेत, ते त्यांच्या स्वतःच्या पत्रांमध्ये फारसे सापडत नाहीत. ते सापडतात त्यांच्या वारसांच्या लेखनात.

आधी घराणं बघू. सूफी माणसाला दोन वंशावळी असतात. एक रक्ताची आणि एक दीक्षेची. रक्ताची वंशावळ सांगते की हे कुटुंब फारूकी, म्हणजे दुसरे खलिफा उमर यांच्या वंशातलं. सरहिंद हे पंजाबातलं गाव वसलं ते फिरोजशाह तुघलकाच्या काळात, आणि शेखांचे पूर्वज इमाम रफिउद्दीन यांचा त्या वसवण्यात हात होता, असं घराण्याची परंपरा सांगते. दीक्षेची वंशावळ म्हणजे सिलसिला. आपल्याला हे समजायला अवघड नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव, ही साखळी आपण लहानपणापासून ऐकतो. सिलसिलाही तसाच. फरक एवढाच की एक माणूस एकाच वेळी दोन-तीन साखळ्यांत असू शकतो, आणि सरहिंदी होते.

वडील शेख अब्दुल अहद. ते चिश्ती आणि कादिरी अशा दोन्ही परंपरांमध्ये दीक्षित. चिश्ती धागा जातो अब्दुल कुद्दूस गंगोही यांच्याकडे. आता इथे जरा थांबू या, कारण हे गंगोही पुढे आपल्याला कामाला येणार आहेत. १५३७मध्ये वारलेले हे चिश्ती-साबिरी शेख हिंदवीत रचना करत, आणि त्यांचं कविनाम होतं 'अलखदास'. अलख! महाराष्ट्रात 'अलख निरंजन' कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या 'रुश्दनामा' या ग्रंथात नाथपंथी योगाच्या संज्ञा सूफी विचाराशी जोडलेल्या आहेत. म्हणजे ज्यांना आपण समन्वयाचे मारेकरी म्हणतो, त्यांच्या आध्यात्मिक आजोबांच्या घरी गोरखनाथांची भाषा नांदत होती.

वडील १५९९मध्ये गेले. त्यानंतर सरहिंदी हजला निघाले, वाटेत दिल्लीला थांबले आणि तिथे त्यांची गाठ पडली ख्वाजा बाकी बिल्लाह यांच्याशी. मूळचे काबूलचे, वयानं सरहिंदींच्या बरोबरीचे, मध्य आशियातली नक्षबंदी परंपरा घेऊन दिल्लीत आलेले. सरहिंदींची हजयात्रा तिथेच थांबली. ते नक्षबंदी झाले. चारच वर्षांनी, १६०३मध्ये, बाकी बिल्लाह वारले.

नक्षबंदींचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. बहुतेक सूफी साखळ्या पैगंबरांपर्यंत पोचतात त्या अलींच्या मार्फत. नक्षबंदींची मुख्य साखळी पोचते ती पहिले खलिफा अबू बक्र यांच्या मार्फत. याचा पुढे तुरुंगाशी संबंध येणार आहे.

आता मूळ साहित्याकडे वळू. सरहिंदींनी छोटे ग्रंथ लिहिले आहेत, पण त्यांचं खरं काम म्हणजे पत्रं. 'मक्तुबात-ए-इमाम-ए-रब्बानी' या नावानं ती तीन खंडांत संकलित झाली, आणि ती त्यांच्या हयातीतच झाली. पहिल्या खंडात ३१३ पत्रं. का ३१३? बद्रच्या लढाईत पैगंबरांच्या बाजूनं उभे राहिले त्यांची संख्या ३१३ मानतात. दुसऱ्यात ९९, कारण ईश्वराची नावं ९९. तिसरा खंड ११४ पत्रांवर बांधला, कुराणाच्या अध्यायांइतका. नंतर त्यात आणखी काही पत्रांची भर पडली. बघा, पत्रं लिहिणारा माणूस अजून जिवंत आहे आणि संकलनकर्ते आकड्यांतून सांगत आहेत की हा सामान्य पत्रव्यवहार नाही. तिसरा खंड करणारे होते मुहम्मद हाशिम किश्मी. हे बऱ्हाणपूरला राहत. सरहिंदींचं एक महत्त्वाचं चरित्र 'झुब्दतुल मकामात' तेही यांचंच. म्हणजे सरहिंदींची प्रतिमा ज्या ठिकाणी घडायला लागली, त्यातलं एक ठिकाण तापीकाठी आहे, आपल्या खानदेशाला लागून.

या पत्रांत आहे काय? बहुतांश पत्रं साधनेबद्दल आहेत. आत्म्याचे टप्पे, चढण आणि उतरण, स्वप्नं, गुरूची गरज, शरियत आणि तरिकत यांचं नातं. वाचायला सोपी नाहीत. दरबारातल्या अमीर-उमरावांना लिहिलेली पत्रंही आहेत. शेख फरीद बुखारी आहेत, अब्दुर्रहीम खानखाना आहेत. राज्यकारभार आणि हिंदूंबद्दलची जी विधानं नेहमी पुढे केली जातात ती मुख्यतः अशा पत्रांतली. त्यांची संख्या कमी आहे, पण ती आहेत आणि ती कडवट आहेत. हिंदूंना अपमानित ठेवावं, जिझिया घ्यावा, गोवध हे इस्लामचं ठळक चिन्ह आहे, असं ते लिहितात. १६०६मध्ये गुरू अर्जनदेवांना मारण्यात आलं, तेव्हा त्याबद्दल समाधान व्यक्त करणारं पत्र पहिल्या खंडात आहे. याला 'त्या काळाची भाषा' म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्याच काळात वेगळी भाषा बोलणारे लोक होते, आणि ते शेखांना माहीत होते.

पण त्याच खंडात हृदयराम नावाच्या हिंदू गृहस्थाला लिहिलेलं उत्तरही आहे. त्यानं आस्थेनं पत्र पाठवलं होतं. शेख त्याला सांगतात की राम आणि कृष्ण हे निर्माण झालेले जीव आहेत, निर्माता नव्हेत. सूर तुटक आहे. तरी हिंदू माणूस शेखांना धर्माबद्दल लिहितो आणि शेख त्याला मुद्देसूद उत्तर देतात, हा व्यवहार घडला. आणखी एका पत्रात ते म्हणतात की हिंदुस्थानातही पैगंबर होऊन गेले, त्यांचा प्रकाश इथल्या काही वस्त्यांत जाणवतो. कडवी पत्रं आणि हे पत्र एकाच माणसाची आहेत. आपण फक्त एक उचललं, तर ते त्या माणसाचं वाचन होत नाही.

आता तत्त्वज्ञान. इथे एक मोठा घोटाळा आपल्या चर्चेत रुजला आहे. इब्न अरबींच्या परंपरेतला विचार आहे 'वहदत-उल-वुजूद', म्हणजे अस्तित्व एकच. सरहिंदी म्हणाले की हा साधनेतला एक टप्पा आहे, अखेरचा नाही. त्यांनी शब्द वापरला 'वहदत-उल-शुहूद', म्हणजे एकत्व दिसतं, पण ते दिसण्यातलं एकत्व आहे. त्यांचा दृष्टान्त सोपा आहे. दिवसा सूर्यामुळे तारे दिसत नाहीत. पाहणारा म्हणेल, फक्त सूर्यच आहे. पण तारे गेलेले नसतात. इब्न अरबींना ते मोडीतही काढत नाहीत. त्यांच्यावर टीका करताना त्यांना ईश्वराचे लाडके मानतात.

या मतभेदावरून आपण एक समीकरण मांडलं. वुजूदवाले म्हणजे उदार, शुहूदवाले म्हणजे कट्टर. अद्वैत म्हटलं की समता आणि द्वैत म्हटलं की भेद, असं समीकरण कुणी आपल्या परंपरांबद्दल मांडलं तर आपण लगेच म्हणू, अहो, अद्वैत मानणाऱ्यांच्या घरीही सोवळं होतंच की! तेच इथे लागू आहे. आता गंगोहींना परत बोलवू या. अलखदास. पक्के वुजूदवादी, योगाच्या भाषेत रमणारे. याच गंगोहींनी बाबराला पत्र लिहून सांगितलं की बिगरमुस्लिमांना सरकारी कचेऱ्यांत अधिकारपदं देऊ नयेत, त्यांचा पोशाख मुसलमानांसारखा असू नये. म्हणजे अस्तित्व एक मानूनही माणूस कचेरीत भेद मागू शकतो. समीकरणाची एक बाजू इथे पडली. दुसरी बाजू पाडणारा माणूस अठराव्या शतकात येतो, त्याच्याकडे शेवटी जाऊ.

आधी तुरुंगाचा प्रसंग. सरहिंदींनी आपल्या गुरूला लिहिलेल्या एका पत्रात ध्यानातल्या चढणीचं वर्णन केलं. एकेका खलिफाचं स्थान ओलांडत आपण वर गेलो, आणि अबू बक्र यांच्या स्थानाच्याही वर एक तेजस्वी स्थान दिसलं, असं त्यात आहे. ज्या परंपरेची साखळी अबू बक्रांपासून सुरू होते, त्या परंपरेचा माणूस हे लिहितो! हे पत्र बाहेर आलं आणि गदारोळ झाला. १६१९मध्ये जहांगीरानं त्यांना बोलावलं. जहांगीर आपल्या आठवणींत त्यांना भोंदू म्हणतो, पत्रसंग्रहाला निरर्थक बडबड म्हणतो, आणि त्यांना अनीराय सिंहदलन या आपल्या राजपूत सरदाराच्या ताब्यात देऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवतो. साधारण वर्षभरानं सुटका, पोशाख, एक हजार रुपये.

वारसांच्या लेखनात हाच प्रसंग कसा येतो? तिथे कारण बदलतं. शेखांनी बादशहापुढे सिजदा करायला नकार दिला, म्हणून कैद, असं ते सांगतात. जहांगीराच्या नोंदीत शेखांच्या उद्दामपणाबद्दल शब्द आहेत, सिजद्याबद्दल नाहीत. पुढे अठराव्या शतकातल्या 'रौझतुल कय्यूमिया' या घराण्याच्या चरित्रात तर महाबतखानाचं बंड शेखांच्या कैदेमुळे झालं असं येतं. महाबतखानानं जहांगीराला ताब्यात घेतलं ते १६२६मध्ये. शेख डिसेंबर १६२४मध्येच वारले होते, आणि कैदेतून सुटले होते त्याच्याही चार-पाच वर्षं आधी. तारखा जुळत नाहीत, पण कथेला तारखांची गरज नव्हती. शेखांच्या एका शब्दानं साम्राज्य हलतं, हे तिला सांगायचं होतं.

'मुजद्दिद' या पदवीचंही बघा. हिजरी सन १००० उजाडलं ते १५९१मध्ये. हजार वर्षं पूर्ण होताना काहीतरी मोठं घडणार ही भावना सगळीकडे होती. अकबरानं सहस्रकाचा इतिहास, 'तारीख-ए-अल्फी', लिहवून घेतला. आपल्या अहमदनगरच्या निजामशाहीत १५८९ ते १५९१ या काळात जमालखान या महदवी सरदाराचा कारभार होता, म्हणजे महदी येऊन गेला असं मानणाऱ्या पंथाचा माणूस तिथे सत्तेवर होता. नव्या सहस्रकाचा पुनरुज्जीवक ही सरहिंदींची कल्पना याच वातावरणातली. अकबर आणि सरहिंदी यांना आपण दोन ध्रुवांवर ठेवतो, पण दोघे एकाच प्रश्नाला उत्तर देत होते: हजार वर्षं झाली, आता पुढे काय?

समकालीनांनी ही कल्पना मुकाट्यानं मान्य केली का? नाही. दिल्लीचे मोठे हदीसविद्वान अब्दुल हक हे बाकी बिल्लाह यांच्याच सहवासातले. त्यांनी सरहिंदींच्या दाव्यांवर टीका करणारं पत्र लिहिलं. बाकी बिल्लाह यांचे धाकटे पुत्र ख्वाजा खुर्द वुजूदवादीच राहिले. म्हणजे गुरूच्या घरातही सरहिंदींचा शब्द अखेरचा नव्हता.

मग तो अखेरचा कुणी केला? मुलांनी आणि नातवांनी. १६१६च्या साथीत थोरला मुलगा मुहम्मद सादिक गेला. गादी आली मुहम्मद मासूम यांच्याकडे, जे १६६८पर्यंत होते. त्यांनी शिष्यांचं जाळं विणलं. वडिलांच्या लेखनातली 'कय्यूम' ही संकल्पना, म्हणजे ज्याच्या आधारावर जग उभं आहे असा पुरुष, घराण्याच्या चरित्रांत वंशपरंपरेचं पद झाली: पहिले कय्यूम, दुसरे कय्यूम, तिसरे, चौथे. औरंगजेबाशी मासूम यांचा संबंध होता, त्यांचे पुत्र सैफुद्दीन दरबारात राहिले आणि शरियतीच्या अंमलासाठी आग्रह धरत होते. हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही.

पण याच्या शेजारी दुसरी एक नोंद ठेवावी लागते. तिचं गाव आहे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६७९मध्ये बादशहाच्या हुकमानं शेख-उल-इस्लामचं पत्र औरंगाबादच्या काझीला गेलं. आशय असा की शेख अहमद सरहिंदींच्या पत्रांतले काही मजकूर सुन्नी मताच्या विरुद्ध दिसतात, औरंगाबादेत त्यांचे अनुयायी ते शिकवतात, ते बंद करावं. आता साल बघा. १६७९. याच वर्षी औरंगजेबानं जिझिया पुन्हा लावला. सरहिंदींच्या पत्रांमुळे जिझिया आला असं आपण म्हणत आलो, आणि ज्या वर्षी जिझिया आला त्याच वर्षी ती पत्रं शिकवायला बंदी आली. तीन वर्षांनी मदिनेतले विद्वान बर्झंजी यांनी सरहिंदींविरुद्ध आख्खा ग्रंथ लिहिला. औरंगजेबाच्या धोरणाला त्याची स्वतःची कारणं होती: राजकारण, उलेमांचा पाठिंबा, स्वतःचा स्वभाव. ती शोधण्याचं काम एका सूफीच्या नावावर टाकून आपण मोकळे झालो.

आणि औरंगाबादच्या संदर्भात एक छोटी गोष्ट. तुमच्यापैकी अनेकांनी पाणचक्की पाहिली असेल. तिथले बाबा शाह मुसाफिर हे नक्षबंदीच. पण त्यांची साखळी सरहिंदहून येत नाही, ती मध्य आशियातून स्वतंत्रपणे आली. नक्षबंदी म्हटलं की सरहिंदी, हेही समीकरण टिकत नाही.

आता अठराव्या शतकातला तो माणूस. मिर्झा मजहर जान-ए-जानाँ, दिल्लीचे कवी आणि सूफी, १७८१मध्ये मृत्यू. त्यांची साखळी मोजा: सरहिंदी, त्यांचे पुत्र मासूम, मासूमांचे पुत्र सैफुद्दीन, सैफुद्दीनांचे शिष्य नूर मुहम्मद बदायुनी आणि त्यांचे शिष्य मजहर. दरबारात शरियतीचा आग्रह धरणाऱ्या सैफुद्दीनांच्याच धाग्यातले. हे मजहर एका पत्रात म्हणतात की वेद हे ईश्वराकडून आलेले ग्रंथ आहेत, आणि हिंदूंची मूर्तिपूजा अरबांच्या जुन्या मूर्तिपूजेसारखी नाही. सूफी साधक गुरूचं रूप डोळ्यांसमोर आणून ध्यान करतो, त्याच्याशी तिचं साम्य आहे. समीकरणाची दुसरी बाजूही पडली. शुहूदवादी परंपरेच्या मधोमध बसून माणूस हे लिहू शकला, आणि परंपरेनं त्याला बाहेर काढलं नाही. उलट पुढची सगळी मोठी शाखा, शाह गुलाम अली आणि त्यांच्यामार्फत उस्मानी साम्राज्यात गेलेले खालिद बगदादी, मजहर यांच्यामधून जाते.

म्हणजे एकाच खोडाला सैफुद्दीन आणि मजहर, दोन्ही फांद्या फुटल्या. मग खोडाचा 'खरा' गुण कोणता? हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक पिढीनं आपल्या गरजेप्रमाणे पूर्वजाकडून काही उचललं.

विसाव्या शतकानंही तेच केलं. १९१९मध्ये अबुल कलाम आझादांच्या 'तजकिरा'मध्ये सरहिंदी आले ते सत्तेपुढे एकटे उभे राहणारे वीर म्हणून. आझाद तेव्हा स्वतः ब्रिटिशांच्या नजरकैदेत रांचीला होते, हे लक्षात घेतलं की ते चित्र असं का रंगलं ते कळतं. इक्बालांनी १९३५च्या 'बाल-ए-जिब्रील'मध्ये त्यांच्या कबरीवर कविता लिहिली. पुढे पाकिस्तानी इतिहासलेखनाला मूळपुरुष हवे होते, तिथे हे नाव बसलं. आणि इकडे आपल्याला फाळणीचा आरोपी हवा होता, तर तेच नाव उलट करून घेतलं. याला आव्हान देणारे अभ्यासक झाले. इरफान हबीब यांनी १९६०मध्ये सरहिंदींच्या राजकीय प्रभावाच्या दाव्याला प्रश्न विचारले. योहानन फ्रीडमन यांचा १९७१चा ग्रंथ तर सरहिंदींच्या विचाराइतकाच त्यांच्या प्रतिमेचा अभ्यास आहे. माझी फ्रीडमन यांच्याबाबत एक तक्रार आहे. पत्रं गूढवादी आहेत हे दाखवण्याच्या भरात ते कडवट पत्रांचं वजन जरा कमी करतात. ती पत्रं मूठभर असली तरी ती लिहिणाऱ्यानं गांभीर्यानं लिहिली होती, आणि गुरू अर्जनदेवांबद्दलचं पत्र शीख माणूस वाचतो तेव्हा त्याच्या दृष्टीनं ते किरकोळ नसतं.

सरहिंद आपल्याला अगदीच परकं नाही. मार्च १७५८मध्ये रघुनाथरावांच्या फौजा तिथे होत्या, अटकेच्या वाटेवर. १७६४मध्ये शिखांनी ते शहर उद्ध्वस्त केलं, घराणं पांगलं. आज शेखांचा रौझा उभा आहे तो फतेहगढ साहिबच्या गुरुद्वाराजवळ, जिथे गुरू गोविंदसिंगांच्या दोन कोवळ्या मुलांची आठवण जपली जाते. दोन्ही ठिकाणी लोक जातात.

मग सरहिंदींना आपण काय म्हणायचं? माझ्या वाचनात ते एक तीव्र बुद्धीचे, स्वतःच्या आध्यात्मिक अधिकाराबद्दल अफाट आत्मविश्वास असलेले, हिंदूंबद्दल पूर्वग्रह बाळगणारे आणि तरीही साधनेच्या अनुभवाचं फार बारीक वर्णन करणारे लेखक आहेत. साम्राज्याची दिशा बदलणारे ते नव्हते. त्यांच्या पूर्वग्रहाचा हिशेब त्यांच्याकडेच मागावा. पण औरंगजेबाचा हिशेब औरंगजेबाकडे, फाळणीचा हिशेब विसाव्या शतकाकडे मागावा. चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला सगळ्याचं मूळ ठरवलं, की मधल्या चारशे वर्षांतले सगळे जण निर्दोष सुटतात. त्यात सैफुद्दीनही सुटतात, आणि मजहर यांचं श्रेयही त्यांना मिळत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.